सुटी करून ठेवलेली जुनी गाडी घ्यावी का? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी प्रीमियर पद्मिनी १९७६ची आहे. रामदासपेठेतल्या एका जुन्या बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये मी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा बॉडी विटांवर होती, इंजिन टेबलाखाली होतं आणि बाकीचं सगळं एकोणीस खोक्यांत भरलेलं होतं. त्या घरच्या काकांनी रंग द्यायचा म्हणून ती स्वतः उघडली होती. मग आजारपण आलं, ते गेले, आणि काकूंनी अकरा वर्षं एकाही भंगारवाल्याला त्या खोक्यांना हात लावू दिला नाही. ती गाडी रस्त्यावर यायला मला साडेचार वर्षं लागली. तेव्हापासून आठवड्यात एखादा तरी फोन येतो, "भाऊ, अशीच एक गाडी मिळते आहे, घेऊ का?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

बंद पडलेली गाडी आणि सुटी केलेली गाडी, यात एवढा काय फरक? दोन्ही चालत नाहीतच.

फार फरक आहे. बंद गाडी कितीही गंजलेली असो, कुठला बोल्ट कुठे आहे, कुठली वायर कुठल्या रबरातून जाते, हे ती स्वतःच दाखवते. तुम्ही उघडत जाता, फोटो काढत जाता, आणि तेच उलटं लावता. सुट्या गाडीत ही माहिती उघडणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि तो माणूस बहुतेक वेळा आता नसतो किंवा विसरलेला असतो. माझे मिस्त्री पहिल्या दिवशी खोकी पाहून म्हणाले, "भाऊ, हे गाडी नाही, हे नुसतं सामान हाय." त्या सामानाची गाडी करणं हे मुख्य काम आहे. रंग, क्रोम, सीटचे कव्हर हे सगळं त्याच्या नंतर.

सुट्या गाडीचा एक मोठा फायदाही आहे. गंज लपत नाही. कार्पेट नाही, अंडरकोट नाही, दाराचे पॅड नाहीत. टॉर्च मारली की फ्लोअर, दारांखालच्या साइडच्या पट्ट्या, डिकीचा तळ, सगळं समोर दिसतं. चालू गाडीत हे दिसायला आधी ती उघडावी लागते.

पाहायला जाताना सोबत काय न्यावं?

टॉर्च, चुंबक, वही, जुनं पांढरं चादरवजा कापड आणि भरपूर वेळ. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही किंवा त्यावर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे. कापड अंगणात पसरून खोकी एकेक करून त्यावर रिकामी करा. विकणाऱ्याला घाई असेल तर दुसऱ्या दिवशी जा, पण खोकी न उघडता पैसे देऊ नका.

आणि त्या गाडीचा पार्ट्स कॅटलॉग, म्हणजे प्रत्येक भाग सुटा दाखवणारी चित्रांची पुस्तिका, आधी मिळवा. तिची छापील प्रत किंवा मोबाइलवरची फाइल चालेल. ती हातात नसेल तर तुम्ही फक्त लोखंड पाहून परत याल.

विकणारा म्हणतो, "सगळं सामान आहे." विश्वास ठेवावा का?

तो खोटं बोलत नसेल, पण त्याला माहीत असण्याचं कारण नाही. काकूंनीही मला हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी खरंच काही हलू दिलं नव्हतं. तरीही डावीकडच्या दाराचा काच वर-खाली करणारा मेकॅनिझम नव्हता, स्पीडोमीटरची केबल नव्हती, आणि मागच्या बंपरचे दोन ब्रॅकेट नव्हते. काकांनी ते दुरुस्तीला कुठे दिले असतील, कोण जाणे.

काय नाही ते महत्त्वाचं आहेच, पण त्यातलं काय पुन्हा मिळणार नाही ते त्याहून महत्त्वाचं. इंजिनचे भाग लोकांना महाग वाटतात, पण पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हे शोधलं तर मिळतं किंवा लेथवर जमवता येतं. खरी अडचण दिखाऊ भागांची असते. ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, मीटरचा संच, मूळ स्टिअरिंग, टेललॅम्पच्या काचा, हबकॅप, दारांची हँडल. हे भाग ज्या साच्यातून निघाले ते साचे आता चालू नाहीत. पुढची काच हवीच. जीपसारखी सपाट असेल तर लॅमिनेटेड काच मापाने कापून मिळते. वाकवलेली असेल तर तीच शोधावी लागते. टफन्ड काच कुणी कापून देतो म्हणाला तर तो माणूस टाळा. टफन्ड काच एकदा बनली की कापता येत नाही, तिचा चुरा होतो.

पहिल्यांदाच करतो आहे. कोणती गाडी सोपी पडेल?

आपल्याकडे अशा अवस्थेत बहुतेक चार जाती सापडतात.

महिंद्राची जुनी जीप सगळ्यात सोपी. शिडीसारखी चेसिस, वर सरळ पत्र्याची बॉडी, भरपूर जागा. पहिलं काम असेल तर तीच घ्या असं मी बिनधास्त सांगतो.

स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला १९६१पासून बनली. तिलाही वेगळी चेसिस आहे आणि बॉडी तुकड्यांत बोल्टने जोडलेली आहे, त्यामुळे सुटी करायला सोपी. म्हणूनच ती सुटी केलेल्या अवस्थेत खूप सापडते! पण जोडताना हेच तुकडे एकमेकांशी जुळवण्यात माणसाचा कस लागतो. इंग्लंडमध्ये तिच्या मूळच्या ट्रायम्फ हेराल्डचे भाग अजून बनतात, हा तिचा आधार.

अ‍ॅम्बेसेडर कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला २०१४पर्यंत बनत होती. मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. जुन्या गाड्यांतलं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सीरिजचं, तेच घराणं एमजीएसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांतही होतं. इंजिनची चिंता कमी, पत्र्याचं काम मोठं.

फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, वजन सुमारे ९०० किलो. मुंबईच्या टॅक्सींमुळे वर्षानुवर्षं तिचे भाग मुबलक मिळाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून तो साठा आटतो आहे. पद्मिनी घ्यायची असेल तर भाग आधी जमवा.

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी दोन्हींना वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. म्हणून ती इतकी वर्षं कशावर टेकवून ठेवली होती, हे बघा. का, ते पुढे सांगतो.

आरसी नाही, पण गाडी स्वस्त मिळते आहे. घेऊ का?

नाही. भाग काढून वापरायला घेत असाल तर गोष्ट वेगळी, पण रस्त्यावर आणायची असेल तर नाही.

आरसी हरवली असेल आणि मालक समोर असेल तर मालकाने फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत काढावी, मग व्यवहार करावा. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर आधी गाडी होते, त्याचा फॉर्म ३१. साध्या खरेदीला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओ कार्यालयाकडे नोंदलेली असेल तर तिथून फॉर्म २८वर ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे छिंदवाडा, सिवनी, राजनांदगावकडच्या गाड्या पुष्कळ येतात, त्यांच्या बाबतीत हे पहिल्याच दिवशी विचारा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर चाळीस वर्षांपूर्वी फेडलेलं कर्जही कागदावर जिवंत असतं. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं, आणि ती बँक आता दुसऱ्याच बँकेत विलीन झालेली असू शकते.

नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. जुन्या गाड्या बऱ्याचदा तिथे दिसतच नाहीत, कारण त्यांची नोंद अजून हाताने लिहिलेल्या रजिस्टरात आहे. तेव्हा बॅकलॉग एंट्री, म्हणजे ती जुनी नोंद संगणकात, करून घ्यावी लागते. नागपूर शहराचं एमएच ३१, ग्रामीणचं ४०, पूर्व नागपूरचं ४९. त्याआधीच्या जुन्या मालिकेतली गाडी आता कुठल्या कार्यालयाकडे येते, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा, फोनवर नाही.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. सुट्या गाडीत दुसऱ्याच गाडीचं इंजिन येऊन बसलेलं असतं, आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

पंधरा वर्षांवरच्या गाड्या बंद होणार ना? मग एवढी मेहनत कशाला?

दिल्ली परिसरातला नियम आणि नागपूर, यांची लोक गल्लत करतात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. फॉर्म २५, पर्यावरण कर, विमा आणि गाडी चालत्या अवस्थेत कार्यालयात हजर. मुदत संपून वर्षं गेली असतील तर विलंबाचे पैसे भरावे लागतात. शुल्क अलीकडे बदलत राहिलं आहे, म्हणून बजेट मांडण्याआधी ताजा आकडा विचारून घ्या. उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

व्हिंटेज नोंदणी म्हणजे काय? ती करावी का?

२०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत ही सोय केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. ज्यांची आधीची नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो.

दोन अटी लक्षात ठेवा. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच. आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणून पद्मिनीत दुसरं आधुनिक इंजिन बसवायचा सल्ला कुणी दिला तर आधी हे आठवा. मी माझी गाडी साध्या नोंदणीवर ठेवली आहे, कारण मला ती रविवारी बाजारात न्यायची असते.

किंमत किती द्यावी?

पूर्ण, चालू गाडीचा भाव काढा. त्यातून, खोक्यांत नसलेले भाग विकत घ्यायचा खर्च, पत्रा, रंग, इंजिन, क्रोम, वायरिंग, सीट हे सगळं वजा करा. बहुतेक वेळा उत्तर शून्याखाली येतं. याचा अर्थ गाडी घेऊ नका असा नाही. याचा अर्थ ही गाडी नफ्यासाठी घ्यायची वस्तू नाही, हे स्वतःशी मान्य करून घ्या, आणि विकणाऱ्यालाही नम्रपणे दाखवा. कागद स्वच्छ असतील आणि काच, ग्रिल, मीटर शाबूत असतील तर मी थोडे जास्त द्यायला सांगतो.

भंगाराच्या काट्याचा भाव सांगून माणसाला दुखवू नका. त्या खोक्यांत कुणाचे तरी रविवार गेलेले असतात.

घरी आणायची कशी?

छोट्या हत्तीत बॉडी बसत नाही, पद्मिनी सुमारे चार मीटर लांब आहे. लांब पिकअप किंवा आयशर बघा. बॉडीखाली जुने टायर घाला आणि दोर खिडकीच्या चौकटीतून नाही, सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळून बांधा. पुढचा-मागचा एक्सल लावता आला तर लावा. चाकांवर उभी असलेली बॉडी चार माणसांत हलते, नाहीतर दहा लागतात.

सुटं सामान वेगळ्या फेरीत, स्वतःच्या डोळ्यांसमोर. आउटहाऊसची फरशी शेवटी झाडून घ्या आणि तो केर चाळणीतून काढा. मला त्यात दाराच्या कुलपाची स्प्रिंग आणि दोन क्लिपा मिळाल्या.

नागपूरच्या हवेत भाग कसे ठेवायचे?

आपली हवा गंजाच्या बाबतीत मुंबईपेक्षा पुष्कळ बरी. पण दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, कूलर. उन्हाळ्यात बाहेर वाळवंटासारखं कोरडं असतं आणि आपण घरात डेझर्ट कूलर लावून हवेत पाणी सोडतो. माझे घासून चकचकीत केलेले ब्रेक ड्रम एप्रिलमध्ये, पाऊस नसताना, आठ दिवसांत तांबूस झाले. ते कूलरच्या खोलीत होते. भाग ठेवायची खोली कूलरपासून दूर हवी, मग ती तापली तरी चालेल. रबर, डॅशबोर्ड आणि वायरिंग मात्र तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, तिथे रबराला भेगा जातात.

दुसरी, वाळवी. लाकडी पेटी आणि पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवले की पावसाळ्यानंतर तळ नसतो. कळमन्याच्या बाजारात संत्र्यासाठी वापरतात तसले प्लास्टिकचे क्रेट घ्या. हवा खेळते, एकावर एक बसतात, आणि आतलं दिसतं. सिलिंडरच्या भिंती, क्रँक, गिअर यांना जाड तेल किंवा ग्रीस लावा आणि तेलकट कागदात गुंडाळा. कोरडं वर्तमानपत्र नको, ते ओल धरतं.

आणि चिठ्ठ्या कागदाच्या नकोत. पेनाची शाई तेलात विरघळते. मी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या कापल्या, पंचने नंबर ठोकले, तारेने बांधले. तोच नंबर वहीत, समोर कॅटलॉगमधला पान क्रमांक.

सगळं घरी आलं. पहिलं काम काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचंच उत्तर लोक ऐकत नाहीत. पहिलं काम आहे, गाडी एकदा गंजासकट पूर्ण जोडून पाहणं. घासणं नाही, रंगवणं नाही, क्रोमला देणं नाही. दारं, बॉनेट, डिकी, फेंडर, काचा, बंपर, ग्रिल, डॅशबोर्ड, सीटचे पाय, सगळं हाताने घट्ट होईल इतपत लावून बघायचं. वॉशर कमी असतील, बोल्ट मिसळ असतील, चालेल. त्यातून तीन गोष्टी कळतात. काय नाही, काय दुसऱ्याच मॉडेलचं आहे, आणि बॉडी सरळ आहे की नाही.

मी हे केलं नाही. मला चकाकती गाडी पाहायची घाई होती. बॉडी घासली, प्रायमर मारला, रंग दिला, अगदी सुंदर दिला. मग उजवं पुढचं दार लावायला गेलो तर ते मागच्या खांबावर सहा मिलिमीटर खाली बसत होतं. बॉडी अकरा वर्षं मधोमध विटांवर टेकलेली होती. चेसिस नसलेली गाडी तिच्या सस्पेन्शनच्या जागी टेकवावी लागते, जिथे तिचं वजन पेलायची ताकद दिलेली असते. मधे टेकवली तर पुढचं आणि मागचं टोक हळूहळू खाली येतं. साइडची पट्टी कापून, दाराच्या चौकटीत आधार वेल्ड करून, जॅकने सरळ करून, ती पट्टी नव्याने शिवावी लागली. रंग गेला. त्या रंगाचे पैसे गेले त्यापेक्षा आठ महिने गेले याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण त्या आठ महिन्यांत काकूंनी दोनदा विचारलं, "झाली का रे?"

म्हणून, आधी जोडा. जोडलेल्या गाडीचे फोटो काढा. दारांच्या फटी मोजून वहीत लिहा. मग पुन्हा उघडा, आणि या वेळी उघडणारे तुम्ही असाल.

नट-बोल्टचा एक मोठा डबा आहे. कुठला कुठे?

आधी जात ओळखा. पद्मिनीचे आटे मेट्रिक, अ‍ॅम्बेसेडर आणि हेराल्डचे बहुतेक इंचातले. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो आणि आठ एमएमचा बोल्ट आठचा. डोळ्याला दोन्ही सारखे. नट दोन आटे जातोही, मग अडकतो, आणि पाना जोराने मारला की आटे गेले. आटे मोजायची पाती असलेलं गेज स्वस्त असतं. ते घ्या आणि एक रविवार फक्त डबा निवडण्यात घालवा. साधे बोल्ट इतवारीत मिळतात. पण स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट योग्य ग्रेडचेच हवेत, डोक्यावरची खूण वाचून. स्प्लिट पिन आणि लॉक वॉशर जुने परत लावायचे नाहीत.

इंजिन जाम आहे. गेलं का?

बहुतेक वेळा नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन किंवा साधं डिझेल ओता, आठवडाभर राहू द्या, पुन्हा ओता. मग फ्लायव्हीलवरून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवून पाहा. पिस्टनवर हातोडा मारू नका. हललं तरी लगेच सुरू करायचा मोह टाळा, रिंगांचा गंज भिंतीवर ओरखडे काढतो.

उघडल्यावर बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, आणि क्रँक मोजून घ्या. पिस्टन कुठल्या ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळपेक्षा मोठ्या मापात, खरोखर मिळतात हे पाहा, पिस्टन हातात आल्यावरच ब्लॉक बोरिंगला द्या. उलट केलं तर मापाचा पिस्टनच मिळत नाही. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते वाकलेलं आहे का हे सरळ पट्टी आणि फिलर गेजने तपासा.

अ‍ॅम्बेसेडरचं हेड बिडाचं आहे. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २०००पासून बंद झालं. शिसं व्हॉल्व्ह सीटचं रक्षण करायचं. हेड उघडलंच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या.

आणि आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय?

२० टक्के इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. पंपाचा डायफ्रॅम, पाइप, कार्बोरेटरच्या सील इथेनॉल सोसणाऱ्या मालाच्या घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. टाकी आतून गंजलेली असेल तर आधी तीच साफ करा, नाहीतर कार्बोरेटर किती वेळा उघडला तरी तोच लाल चुरा.

डेंटिंग आणि रंग नागपुरात होईल का? कधी करावा?

होईल, आणि चांगला होईल. हाताने पत्रा ठोकून आकार आणणारे जुने कारागीर अजून आहेत. नवी बॉडीशॉप नका शोधू. जो माणूस लांबीचा डबा उघडण्याआधी हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) उचलतो, तो माणूस शोधा. गंजका भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करायचा, वरून पत्रा चिकटवायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या.

मोठ्या सपाट भागांवर, बॉनेट, छप्पर, दारं, सँडब्लास्टिंग करू नका. पत्रा लाटांसारखा होतो. ते सस्पेन्शनच्या हातांसाठी आणि जीपच्या चेसिससाठी ठीक, आणि त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे.

रंगाचा मोसम दिवाळी ते होळी. मे महिन्यात ४५ अंशांत थिनर हवेतच उडतो आणि रंग खडबडीत बसतो. पावसाळ्यात जुन्या पद्धतीच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी छटा येते. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला घातक आहे. रुमाल बांधून अंगणात मारायचा तो रंग नाही.

स्वतः काय करावं, काय दुसऱ्याकडे द्यावं?

निवडणं, नंबर लावणं, साफसफाई, जोडून पाहणं, कार्बोरेटर, वायरिंग, इंटिरिअर हे स्वतः करा. बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, वेल्डिंग, रंग हे बाहेर द्या.

तीन ठिकाणी जिवाला धोका आहे म्हणून वेगळं लिहितो. पुढच्या सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंग दबलेल्या असतात. योग्य कंप्रेसरशिवाय त्यांना हात लावू नका. जुन्या ब्रेक लायनिंग आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओलं करून पुसा, मास्क लावा. आणि गाडीखाली जाताना फक्त जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, घोड्या, म्हणजे वजन पेलणारे लोखंडी स्टँड, लावायच्या, विटा कधीच नाहीत.

ब्रेकमध्ये काटकसर करू नका. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरचे कप, होज पाइप, लोखंडी नळ्या, सगळं नवं. बॅटरी जोडण्याआधी अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक, कोणत्या बाजूचा आहे ते बघा, त्या काळच्या काही ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो.

भाग कुठे शोधायचे?

आधी घराजवळ. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत बंद झालेली स्पेअर पार्टची दुकानं आहेत, मागच्या फडताळात न उघडलेले डबे पडलेले असतात. माझा काचेचा मेकॅनिझम वर्ध्याला मिळाला, दुकानदाराने धूळ पुसून दिला.

मग मोठे बाजार. मुंबईला कुर्ला आणि चोर बाजार, दिल्लीला काश्मिरी गेट, अ‍ॅम्बेसेडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचा पुदुपेट. आपण देशाच्या मधोमध आहोत, सगळीकडे रात्रीची गाडी आहे. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई. जुना भाग सोबत न्या. नाव सांगून आणलेला भाग निम्म्या वेळा लागत नाही, हातातल्या भागाला लावून पाहिलेला लागतो.

टायर टॅक्सीवाल्यांच्या काळातले, गोदामात पडलेले, स्वस्त मिळतात. घेऊ नका. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पद्मिनीला ५.२०-१४, अ‍ॅम्बेसेडरला ५.९०-१५.

किती वर्षं आणि किती पैसे?

मी दोन वर्षं धरली होती, साडेचार लागली. दीड लाख धरले होते, चारच्या पुढे गेले, त्यात चुकीच्या क्रमाचा वाटा मोठा. दर महिन्याला ठरावीक रक्कम आणि आठवड्यातली एक ठरलेली वेळ, एवढं पाळलं तर काम थांबत नाही. थांबलेलं काम पुन्हा सुरू करणं हेच सगळ्यात अवघड.

घरचे तयार नाहीत.

त्यांचं ऐका. पोर्च किती महिने अडणार, पैसे कुठून येणार, हे आधी बसून बोला. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका, भाड्याचा शटरवाला गाळा बघा. माझ्या घरी वही आई लिहायची. तिचं अक्षर चांगलं आहे आणि तिला पान क्रमांक माझ्याआधी सापडायचे.

कोणत्या गाडीला नाही म्हणावं?

कागद नाहीत. चेसिस नंबर घासलेला आहे. चेसिस नसलेल्या गाडीच्या साइडच्या पट्ट्या आणि सस्पेन्शनच्या जागा दोन्ही कुजल्या आहेत. दोन गाड्यांचे भाग मिसळले आहेत आणि विकणारा वेगळे करू देत नाही. यातलं एकही असेल तर चहा घ्या, आभार माना आणि परत या.

जोडून झाली. पहिल्यांदा बाहेर काढताना काय काळजी घ्यावी?

पहाटे काढा, रस्ते मोकळे असताना. अग्निशामक सिलिंडर आणि ओळखीचा माणूस सोबत. पहिले दोन किलोमीटर घराभोवतीच, प्रत्येक वळणावर ब्रेक दाबून बघत. मग थांबून चारही चाकांना हात लावा, एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतो आहे. मी नंतर सेमिनरी हिल्सच्या चढावर जाऊन हँडब्रेक तपासला.

५० किलोमीटरवर चाकांचे नट, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने. टॅपेट पुन्हा सेट करा. ५०० किलोमीटरवर ऑइल बदला, जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून धातूचा चुरा बघा. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवू नका, वर्धा रोडचा मोह टाळा.

माझी पहिली फेरी रामदासपेठेतच झाली. काकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी दार उघडलं, आत बसल्या, आणि दार ओढून घेतलं. उजवं पुढचं नाही, डावं. एका ओढण्यात लागलं.

उरलेल्या भागांचं काय करू?

फेकू नका, काट्यावरही घालू नका. माझ्याकडे एक क्रेट भरून पद्मिनीचे भाग आहेत, दोन व्हील सिलिंडर, एक डायनॅमो, मागच्या काचेचं रबर, सगळ्यांना नंबर बांधलेले. तुमच्या यादीत यातलं काही कमी असेल तर वही घेऊन या, लावून बघू.